भागीदाराने परस्पर केलेल्या उधारीसाठी माझे घर आणि शेती जाऊ शकते का?

प्रश्न
विचारणारे: मांजराकाठ (लातूर जिल्हा)

नमस्कार. प्रश्न लांबला आहे, पण तपशील दिल्याशिवाय नेमके उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

२०१९ साली माझा वर्गमित्र, त्याचा साडू आणि मी अशा तिघांनी मिळून तूरडाळीची एक लहान मिल सुरू केली. भागीदारीपत्र मुद्रांकावर लिहिले, नोटरीसमोर सह्या केल्या आणि त्याच पत्रावर पॅन, जीएसटी क्रमांक आणि बँकेतले चालू खाते मिळाले. भागीदारी संस्था निबंधकांकडे नोंदणी मात्र केली नाही, कारण त्या वेळी "त्यावाचून काही अडत नाही, पुढे बघू" असे सगळेच म्हणाले आणि मीही मान डोलावली. नफ्या-तोट्यात मित्राचे ४० टक्के, साडूचे ३० आणि माझे ३० असे ठरले. माझे भांडवल १२ लाखांचे आहे. २०२२ च्या हंगामात खरेदीला पैसे कमी पडले तेव्हा आणखी ५ लाख रुपये मी माझ्या खात्यातून मिलच्या खात्यावर वळते केले. माझी सहा एकर शेती असून घर तिच्यावरच चालते, त्यामुळे मिलवर रोज जाणे होत नाही आणि सगळा व्यवहार मित्रच पाहतो.

यंदा जानेवारीत त्याने उदगीरच्या एका आडत्याकडून १८ लाखांची तूर उधारीवर उचलली. पाच लाखांच्या वरची उधारी तिघांच्या सह्यांशिवाय करायची नाही, असे आमच्या भागीदारीपत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही मला विचारले गेले नाही. त्यातले ६ लाख चुकते करण्यासाठी त्याने दिलेला धनादेश खात्यात पैसे नसल्याने परत गेला. गेल्या आठवड्यात ते आडते माझ्या दारात येऊन बसले. शब्दाने वाईट बोलले नाहीत, पण "पत्रात तुमचे नाव आहे, तुमची शेती आहे, तेव्हा मी तुमच्याकडूनही घेऊ शकतो" असे सांगून गेले. त्या दिवसापासून घरात कोणाला धड झोप नाही.

दुसरी गोष्ट अशी की, मागच्या महिन्यात अचानक मिलवर गेलो तेव्हा आमच्याच शिलाई यंत्रावर दुसऱ्या नावाचे ३० किलोचे कट्टे शिवले जात होते. चौकशी केली तर तो व्यापार मित्राने पत्नीच्या नावाने सुरू केल्याचे कळले, आणि गिऱ्हाईक सगळे आमच्या मिलचेच. वही पाहायला मागितली तर दिवाणजी म्हणाले, "मालकांना विचारल्याशिवाय दाखवता येणार नाही." मग मी तिथे कोण आहे? हरकत घेतली तर दोघे एक होतात आणि "बहुमताने ठरले" असे म्हणून विषय मिटवतात.

तर माझ्यावर ३० टक्क्यांचीच जबाबदारी येते की सगळी? नोंदणी नसताना मला न्यायालयात जाता येते का? आणि यातून कायदेशीररीत्या बाहेर कसे पडावे?

उत्तर १
अंबाजोगाईचा वकील

आपला प्रश्न वाचला. भागीदारीचे वाद घेऊन येणाऱ्या बहुतेक पक्षकारांची घोटाळ्याची जागा हीच असते, म्हणून मूळ मुद्द्यापासून सांगतो.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या कलम १८ नुसार प्रत्येक भागीदार हा धंद्यापुरता संस्थेचा प्रतिनिधी असतो, आणि कलम १९ नुसार संस्थेच्या नावाने, नेहमीच्या पद्धतीने त्याने केलेला व्यवहार सगळ्यांवर बंधनकारक होतो. डाळ मिलने हंगामात आडत्याकडून उधारीवर तूर घेणे यापेक्षा नेहमीचा व्यवहार दुसरा कोणता असणार? तेव्हा ती खरेदी आपल्याला न विचारता झाली असली तरी ती मिलचीच खरेदी आहे. राहिले ते पाच लाखांच्या मर्यादेचे कलम. भागीदार आपसात एकमेकांचे अधिकार कमी करू शकतात, परंतु समोरच्या माणसाला ती मर्यादा ठाऊक नसेल तर ती त्याच्यावर बंधनकारक होत नाही, असे कलम २० सांगते. आडत्याने आपले भागीदारीपत्र वाचले होते किंवा त्याला त्या अटीची माहिती होती, हे दाखवता आले तर गोष्ट वेगळी. एरवी त्या कलमाचा उपयोग आपल्याला मित्राविरुद्ध होईल, आडत्याविरुद्ध नाही.

आता ३० टक्क्यांविषयी. कलम २५ प्रमाणे आपण भागीदार असताना संस्थेने केलेल्या प्रत्येक व्यवहारासाठी प्रत्येक भागीदार इतरांबरोबर संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. म्हणजे आडत्या १८ लाखांपैकी राहिलेली संपूर्ण रक्कम एकट्या आपल्याकडून मागू शकतो. ४०-३०-३० हे प्रमाण तुम्हा तिघांच्या आपसातल्या हिशेबाचे आहे, बाहेरच्या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपल्याला जास्त भरावे लागले तर ते हिशेबात इतर दोघांकडून मागता येते, पण ती नंतरची गोष्ट झाली. कलम ४९ नुसार संस्थेची मालमत्ता आधी संस्थेच्या कर्जाकडे आणि भागीदाराची खासगी मालमत्ता आधी त्याच्या खासगी कर्जाकडे जाते. त्यामुळे मिलमधली यंत्रे, शिल्लक माल आणि येणी यांच्याकडे आधी लक्ष वेधता येईल.

घर आणि शेती यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या मालमत्तेची यादी आहे आणि तीत शेतकऱ्याचे राहते घर, त्याची शेतीची अवजारे व बैल येतात. मात्र शेतकरी म्हणजे जो स्वतः जमीन कसतो आणि ज्याचा निर्वाह मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर आहे तो. आपले घर शेतीवर चालते असे आपण लिहिले आहे. तसे असेल तर सातबारा, पीकपाहणी, पीककर्जाचा खातेउतारा, विमा भरल्याच्या पावत्या हे सगळे आतापासून एकत्र ठेवावे, कारण ते सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर पडेल. शेतजमिनीला मात्र तसे संरक्षण नाही. तसेच घर बँकेकडे गहाण असेल तर त्या गहाणाच्या वसुलीत या यादीचा आधार मिळणार नाही.

न्यायालयाचे समन्स आले तर ते टाळण्याची चूक करू नये. संस्थेविरुद्ध झालेला हुकूमनामा संस्थेच्या मालमत्तेवर बजावता येतोच. शिवाय ज्या भागीदाराला भागीदार म्हणून व्यक्तिशः समन्स लागले आणि जो हजर राहिला नाही, त्याच्या खासगी मालमत्तेवरही तो बजावता येतो. माझ्या पाहण्यात गप्प बसल्याने नुकसान झालेलेच लोक जास्त आहेत.

धनादेशाचे प्रकरण निराळे आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ आणि १४१ खाली फौजदारी जबाबदारी येते ती गुन्ह्याच्या वेळी धंद्याचा कारभार ज्याच्या हाती होता त्याच्यावर. केवळ भागीदार असल्यामुळे ती कोणावर आपोआप येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. आपली सही नाही आणि आपण कारभार पाहत नाही, ही आपली बाजू आहे. तरीही नोटीस आली तर तिच्यातील १५ दिवसांची मुदत संपण्याआधी वकिलामार्फत लेखी उत्तर जायलाच हवे. फौजदारीतून सुटका झाली म्हणून दिवाणी देणे संपत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बाहेर पडण्याविषयी उद्या लिहितो; भागीदारीपत्रात मुदत लिहिली आहे का, ते पाहून ठेवावे.

उत्तर २
जुनी खतावणी, जालना

वकीलसाहेबांनी बाहेरच्या माणसाची बाजू सांगितली. मी तीस वर्षे भागीदारी संस्थांचे हिशेब लिहिले आहेत, म्हणून आतली बाजू सांगतो.

दिवाणजींनी आपल्याला जे उत्तर दिले ते ऐकून फार वाईट वाटले. मी स्वतः नोकरीत असताना एका मालकाने दुसऱ्या मालकापासून वही लपवायला सांगितली, तेव्हा मी ती टेबलावर उघडी ठेवून चहाला निघून गेलो होतो. कायदाही तेच म्हणतो. कलम १२ नुसार प्रत्येक भागीदाराला संस्थेच्या कोणत्याही वह्या पाहण्याचा, तपासण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आहे. तो दिवसातून एक तास मिलवर बसतो की दहा तास, याचा त्या हक्काशी संबंध नाही. आपण तिथे मालक आहात, भाऊ. लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या. रोजकीर्द, खतावणी, खरेदी-विक्रीची बिले, माल नोंदवही आणि वजनकाट्याच्या पावत्या अशी नावे घालून मागा. मोघम "हिशेब दाखवा" असे लिहिले की दोन पानी गोषवारा हातात ठेवला जातो.

बहुमताचेही तसेच आहे. धंद्यातल्या रोजच्या, साध्या बाबींत मतभेद झाले तर बहुमताने ठरवता येते. परंतु निर्णयाआधी प्रत्येकाला आपले मत मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे, आणि धंद्याचे स्वरूप बदलायचे असेल तर सगळ्यांची संमती लागते. वही दाखवायची नाही, हे बहुमताने ठरवण्याचा विषयच नव्हे. कलम ९ नुसार खरे हिशेब देणे आणि संस्थेच्या बाबतीतली संपूर्ण माहिती देणे हे प्रत्येक भागीदाराचे कर्तव्य आहे, आणि ते तिघांवर सारखेच आहे.

आपल्या पैशांविषयी एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. बारा लाख भांडवल आहे, त्यावर पत्रात व्याज ठरले असेल तरच ते मिळते आणि तेही फक्त नफ्यातून. २०२२ मध्ये दिलेले पाच लाख मात्र भांडवलाव्यतिरिक्त संस्थेला दिलेली उचल (आगाऊ रक्कम) ठरली तर कलम १३ प्रमाणे तिच्यावर दरसाल ६ टक्के व्याज, पत्रात लिहिलेले नसले तरी, मिळते; नफा झाला की नाही हे तिथे पाहिले जात नाही. शिवाय संस्था विसर्जित झाल्यावर बाहेरची देणी भागली की आधी अशा उचली परत केल्या जातात आणि त्यानंतर भांडवलाची पाळी येते. म्हणून खतावणीत ते पाच लाख आपल्या भांडवल खात्यावर जमा दाखवले आहेत की वेगळ्या कर्ज खात्यावर, हे सगळ्यात आधी पाहा. लिहिणाऱ्याने सवयीने भांडवल खात्यात ढकललेले असेल तर आजच लेखी हरकत नोंदवा. बँकेचा उतारा, वळते करतानाचा शेरा, त्या वेळचे फोनवरचे संदेश, सगळे जपून ठेवा.

मित्र दरमहा पगार म्हणून काही उचलतो का, तेही पाहा. पत्रात तसे ठरले नसेल तर धंद्यात राबणाऱ्या भागीदारालाही मेहनताना मागता येत नाही. पुष्कळ ठिकाणी हे ठाऊकच नसते आणि दर महिन्याला रक्कम उचलली जाते.

कट्ट्यांचे म्हणाल तर कलम १६ स्पष्ट आहे. संस्थेशी स्पर्धा करणारा त्याच स्वरूपाचा धंदा भागीदाराने केला, किंवा संस्थेची मालमत्ता, नाव वा धंद्यातले संबंध वापरून स्वतःसाठी नफा मिळवला, तर तो नफा त्याला संस्थेला द्यावा लागतो. पत्नीच्या नावामुळे सिद्ध करणे अवघड होईल, हे खरे. पण शिलाई यंत्र मिलचे, मजूर मिलचे, वीज मिलची आणि गिऱ्हाईक मिलचे असेल तर त्याच्या खुणा कुठेतरी उमटतातच. वीजबिलात युनिट वाढले आणि उत्पादन नोंदीत डाळ वाढली नाही, असे दोन कागद शेजारी ठेवले की पुष्कळ काही बोलतात. तूर किती आत आली, डाळ किती निघाली, चुरी आणि भुसा किती, हा उतारा महिनावार काढून पाहा.

उत्तर ३
मोंढ्यातला आडत्या, परभणी

मी आडत्यांच्या बाजूने लिहितो आहे, राग मानू नये. शेतकऱ्याची पट्टी आम्हाला त्याच दिवशी चुकती करावी लागते; हमाली आणि तोलाईही थांबत नाही. मिलवाल्याला जी उधारी देतो ती आमच्या पदरच्या पैशांची असते. मोंढ्यात उधारी देताना आम्ही यंत्रे पाहत नाही, कारण ती बहुधा बँकेकडे तारण असतात. आम्ही माणसे पाहतो. "तिसरा भागीदार गावात शेती असलेला, नावाचा माणूस आहे" एवढ्या एका गोष्टीवर कित्येक वेळा माल गाडीत चढलेला आहे. त्यामुळे आपण सहीच केली नव्हती असे म्हटले तरी आमच्या दृष्टीने आपले नाव हीच सही असते.

आडत्याला टाळू नका, एवढेच सांगायचे आहे. मिलची येणी किती आहेत, शिल्लक माल किती आहे, हे त्याच्यासमोर ठेवा. बहुतेक आडते मुदत देतात, हप्ते बांधून घेतात, आणि त्याची रीतसर लेखी नोंद झाली तर तुमच्यावरचा भारही हलका होतो. फोन उचलायचा बंद झाला की मात्र आम्हीही वकिलाकडे जातो.

उत्तर ४
गोदाकाठची

बाहेर पडण्याविषयी वकीलसाहेब लिहिणार आहेत, पण त्याआधी आमच्या घरी घडलेले सांगते, म्हणजे ती चूक आपल्या हातून होणार नाही.

माझे यजमान तालुक्याच्या गावी सिमेंट आणि लोखंडाच्या दुकानात भागीदार होते. २०१८ मध्ये दोघांनी गोडीगुलाबीने वेगळे व्हायचे ठरवले, मुद्रांकावर निवृत्तीपत्र केले, हिशेबाचे पैसे मिळाले आणि ते पत्र आम्ही कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवून दिले. आमच्या समजुतीने विषय तिथे संपला होता. दीड वर्षाने एका पुरवठादाराची नोटीस आली, ती यजमानांच्या निवृत्तीनंतर उचललेल्या मालाची. आमचे म्हणणे होते की ते तेव्हा भागीदार नव्हतेच. पण वर्षानुवर्षे तो पुरवठादार त्यांना भागीदार म्हणून ओळखत होता, आणि जाहीर सूचना दिलेली नसेल तर निवृत्त भागीदार बाहेरच्या माणसाला जबाबदार राहतो, हे कलम ३२ तेव्हा आम्हाला कळले. मी स्वतः दुकानात जाऊन पाहिले तर पाटीवर त्यांचे नाव तसेच होते आणि बिलबुकावर त्यांचा मोबाइल क्रमांकही छापलेला होता. ते बिलबुक हातात घेऊन मी किती वेळ उभी होते, ते मला आठवत नाही. वकिलांनी सांगितले की, आपले नाव असे वापरू दिले आणि त्यावर विसंबून कोणी उधारी दिली तर त्यात कलम २८ चीही भर पडते.

त्यातच जीएसटीची नोटीस आली. त्या कायद्याच्या कलम ९० प्रमाणे निवृत्त होणाऱ्या भागीदाराने निवृत्तीची तारीख लेखी सूचनेने आयुक्तांना कळवायची असते. ती एक महिन्याच्या आत कळवली तर निवृत्तीच्या तारखेपर्यंतच्याच कराची जबाबदारी राहते. न कळवल्यास सूचना पोहोचेपर्यंतची जबाबदारी चालूच राहते. आमच्याकडून कोणीच कळवले नव्हते.

दोन्ही ठिकाणी मिळून आम्ही भरलेली रक्कम इथे लिहीत नाही, पण मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव त्यात मोडली. आपण बँकेत कॅश क्रेडिटसाठी जामीन म्हणून वेगळी सही केली आहे का, हेही कृपया पाहा. आम्ही ती केली होती आणि विसरलो होतो.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपले लिहिलेले घरात मोठ्याने वाचून दाखवले.

भागीदारीपत्र पुन्हा वाचले. त्यात मुदत लिहिलेली नाही आणि भागीदारी कशी संपवायची याचेही कलम नाही. निवृत्तीविषयी काहीच नाही. बँकेत चौकशी केली. कॅश क्रेडिट १५ लाखांचे आहे आणि जामीनपत्रावर माझी सही आहे. पाच लाख भांडवल खात्यातच जमा दाखवले आहेत, असे दिवाणजींनी फोनवर सांगितले. वह्या अजून दाखवलेल्या नाहीत. मिलचे बाहेर सुमारे ९ लाख येणे आहे, त्यातला एक मोठा व्यापारी "तुमची नोंदणी नाही, काय करायचे ते करा" असे म्हणतो. आडत्यांना मी स्वतः भेटून आलो. वह्या पाहिल्यावर पंधरा दिवसांत लेखी काहीतरी देईन, असे सांगितले आहे.

इथले एक ओळखीचे वकील म्हणतात की, महाराष्ट्रात नोंदणी नसेल तर विसर्जनाचा दावाही करता येत नाही. हे खरे आहे का?

उत्तर ५
अंबाजोगाईचा वकील

ते एके काळी खरे होते, आज नाही. मूळ कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या संस्थेतील भागीदाराला करारावर आधारलेला हक्क मिळवण्यासाठी संस्थेवर वा इतर भागीदारांवर दावा करता येत नाही, आणि अशा संस्थेला पैसे देणे असलेल्या बाहेरच्या माणसावरही दावा करता येत नाही. आपला तो व्यापारी याच जोरावर बोलतो आहे. परंतु संस्थेच्या विसर्जनाचा, विसर्जित संस्थेच्या हिशेबाचा आणि तिची मालमत्ता वसूल करण्याचा दावा त्यातून वगळलेला आहे. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने ६९(२अ) हे उपकलम घालून ही वाटही बंद केली होती, आणि पुष्कळ जुन्या वकिलांच्या मनात तेच पक्के बसले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव या निकालात ते उपकलम घटनाबाह्य ठरवले. त्या वकीलमित्रांना हा निकाल दाखवावा.

आजही नोंदणी करता येते, पण अर्जावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात आणि आपले दोघे आता सही करतील असे वाटत नाही. शिवाय दावा दाखल झाल्यानंतर केलेली नोंदणी त्या दाव्याला वाचवत नाही. तेव्हा माझ्या मते आपण नुसती निवृत्ती घेऊ नये. नोंदणी नसलेल्या चालू संस्थेतून निवृत्त होऊन आपले पैसे मागायला गेलात तर कलम ६९ चा अडथळा पुढे करून विरुद्ध पक्ष वर्षे घालवेल. पत्रात मुदत नाही आणि शेवट कसा करायचा तेही नाही, म्हणजे ही स्वेच्छाधीन भागीदारी आहे, आणि कलम ४३ प्रमाणे इतर दोघांना विसर्जनाची लेखी सूचना देऊन आपण ती संपवू शकता. सूचनेत तारीख लिहिली तर त्या तारखेपासून, न लिहिल्यास सूचना पोहोचल्यापासून संस्था विसर्जित होते. मी तारीख लिहावी असे सुचवेन, म्हणजे पुढे वाद उरत नाही. सूचना नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टने, पोचपावतीसह दोघांच्या घरच्या आणि मिलच्या अशा सर्व पत्त्यांवर जाऊ द्यावी.

त्याच दिवशी आणखी कागद निघाले पाहिजेत. विसर्जनानंतरही जाहीर सूचना होईपर्यंत भागीदारांनी केलेल्या कृत्यांची जबाबदारी कलम ४५ प्रमाणे चालूच राहते, म्हणून ती सूचना राजपत्रात आणि मिल ज्या जिल्ह्यात आहे तिथे खपणाऱ्या किमान एका मराठी वर्तमानपत्रात यायला हवी. बहुतेक लोक वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात देऊन थांबतात. कलम ७२ ला ती पुरेशी नाही, राजपत्रही लागते. सर्व आडते, पुरवठादार आणि नेहमीचे गिऱ्हाईक यांना वेगळी पत्रे द्यावीत. जीएसटी कार्यालयाला ताईंनी सांगितलेल्या मुदतीत कळवावे. बँकेला तीन गोष्टी लिहाव्यात: संस्था विसर्जित झाली आहे, खात्यातून कोणा एकाच्या सहीने पैसे देऊ नयेत, आणि भारतीय करार अधिनियमाच्या कलम १३० प्रमाणे आपला चालू जामीन पुढच्या व्यवहारांपुरता रद्द समजावा. आजवर जे कर्ज उचलले गेले आहे त्यातून हा जामीन सुटत नाही, पण पुढे वाढणारा आकडा तरी थांबतो. जामीनपत्रात रद्द करण्याविषयी वेगळी अट आहे का, ते वाचूनच पत्र लिहावे.

मग हिशेबाचा दावा. विसर्जित भागीदारीच्या हिशेबाची मुदत विसर्जनापासून तीन वर्षे आहे. ती शेवटच्या महिन्यापर्यंत ताणू नये. दाव्याबरोबरच मिलची मालमत्ता आणि वह्या ताब्यात घेण्यासाठी न्यायालयीन प्राप्तकर्ता (रिसिव्हर) नेमावा, तसेच माल आणि यंत्रे हलवण्यास मनाई करावी, असा अर्ज द्यावा. ९ लाखांची येणी आता विसर्जित संस्थेची मालमत्ता म्हणून वसूल करता येतील, म्हणजे त्या व्यापाऱ्याचा तोरा तिथे उतरतो. हिशेबात तोटा निघाला तर तो आधी नफ्यातून, मग भांडवलातून आणि त्याने न भागल्यास तिघांकडून नफ्याच्या प्रमाणात भरून काढला जातो. आपले ३० टक्के खऱ्या अर्थाने इथे लागू होतात. पत्नीच्या नावाच्या धंद्यातला नफा आणि तिघांच्या सहीची अट मोडून केलेली खरेदी हे दोन्ही मुद्दे याच दाव्यात मांडायचे. खतावणीकाका म्हणाले तो पाच लाखांचा मुद्दा तर पहिल्याच परिच्छेदात घ्यावा.

आडत्याशी आपण बोललात ते फार चांगले केले. त्यांना लेखी काही देताना मात्र घाई करू नये. "संपूर्ण रक्कम मी देतो" असे आपल्या हस्ताक्षरात गेले तर संस्थेचे देणे आपण वैयक्तिक कबूल केल्यासारखे होईल. संस्थेच्या येण्यांतून आणि शिल्लक मालातून आधी हप्ते द्यायचे आणि उरलेल्या जबाबदारीचा आपला हक्क व बचाव राखून ठेवायचा, अशा शब्दांत वकिलाकडून मसुदा करून घ्यावा.

मांजराकाठ

उद्या लातूरला वकिलांकडे जातो आहे. एकच शेवटची शंका: सूचना पोहोचताच रातोरात माल हलवला तर?

जुनी खतावणी, जालना

म्हणूनच सूचना टाकण्याआधी मिलवर जाऊन या. आपण भागीदार आहात, गोदामात जायला कोणाची परवानगी लागत नाही. दोन शहाणी माणसे बरोबर न्या. थप्प्या मोजा: तुरीचे कट्टे किती, तयार डाळ किती, चुरी-भुसा किती, रिकामा बारदाना किती, आणि वजनकाट्याच्या शेवटच्या पावतीचा क्रमांक कोणता. यंत्रांवरचे क्रमांक लिहून घ्या, शिलाई यंत्राचा विसरू नका. तारीख-वेळ घालून कागदावर उतरवा, बरोबरच्या दोघांच्या सह्या घ्या, फोनवर छायाचित्रे काढा. वह्या टेबलावर असतील तर पानांचीही काढा; नक्कल घेण्याचा हक्क आपलाच आहे. भांडण करू नका, कोणी अडवले तर अडवले एवढेच त्याच कागदावर लिहा. मनाईच्या अर्जाला तो कागद जोडता येईल.

गोदाकाठची

आणि भाऊ, मिलच्या पाटीवर व बिलबुकावर आपले नाव असेल तर त्याचेही छायाचित्र त्याच दिवशी घ्या, आणि ते नाव काढून टाकण्याची मागणी सूचनेत लिहायला सांगा.

मांजराकाठ

पाटीवर आहे. माझे नाव तिसरे आहे. उद्याच छायाचित्र काढतो.